आत्याच्या अकरा कोंबड्यांचं औषधपाणी

आत्याचं लग्न झालं नाही. पण तिला सासर आहे, आणि ते घरामागच्या खुराड्यात राहतं.

दाण्यावर सगळ्यांच्या आधी येणारी आणि सगळ्यांच्या शेवटी हटणारी पांढरी, ती सासूबाई. तांबड्या दोघी जावा, थोरली आणि धाकटी. एकीने अंडं घातलं की दुसरी त्यावर जाऊन बसते आणि कोकलते असं, की जणू तिनेच घातलं. मान लांब करून दुसऱ्यांच्या भानगडीत डोकावते ती नणंद. पिसं फुलवून मिरवते ती विहीण. अशा अकरा जणी. मी एकदा विचारलं, "आत्या, सगळं गणगोत आहे, यात नवरा कुठंय?"

"कोंबडा पाळायचा म्हणजे पहाटे त्याची बांग ऐकायची, दिवसभर त्याचा तोरा बघायचा. अंडी काय, त्याच्यावाचूनही पडतात. सुखाचा जीव दुःखात कशाला घालू?"

ती माझी सख्खी आत्या नाही, गल्लीची आत्या. एकतीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आलाय आणि उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या पट्ट्या आहेत, जुन्या, पांढुरक्या. लाँड्री बंद पडली तेव्हा मालकाने बाकीच्यांना गोड बोलून वाटेला लावलं. आत्याने त्याच्या भिंतीवरून कपड्यांचे गठ्ठे तोलायचा हुकाचा काटा काढला, पिशवीत टाकला आणि म्हणाली, "हा मी नेतेय." त्याने वाट सोडली. आत्यापुढे बोलायचं म्हणजे आधी घरून जेवून यावं लागतं.

ती धाकट्या भावाच्या घरी राहते, मागच्या खोलीत. भाऊ ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. घर चालवते ती त्याची बायको. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते. वहिनी मनाने वाईट नाही, पण परसातल्या त्या जागेवर तिचा डोळा होता. तिथे पत्रा टाकून भाड्याने एक खोली निघेल असं ती उठता बसता बोलून दाखवायची. आत्या उत्तर देत नसे. सकाळी अंड्यांची टोपली आणून ओट्यावर ठेवी, त्यातली घरापुरती काढी आणि उरलेली नऊ घरांत देऊन येई. हेच तिचं उत्तर. जोवर टोपली भरून येत होती, तोवर खुराडं हलणार नव्हतं. हे वहिनीलाही ठाऊक होतं, आत्यालाही.

लाँड्रीतली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एकदा तिच्या हातून एका शर्टाची कॉलर करपली. मालक म्हणाला, आत दुमडून घडी घाल, गिऱ्हाइकाला वाटेल घरीच झालं. आत्याने हो म्हटलं. गिऱ्हाईक आलं तेव्हा घडी काउंटरवर उलगडून कॉलर वर काढली आणि म्हणाली, "हा डाग माझा. बघून घ्या." मालक आठ दिवस बोलला नाही. आत्याचं म्हणणं एवढंच, की आपला डाग आपण आधी सांगायचा. दुसऱ्याने शोधून काढला तर त्याला चोरी म्हणतात.

म्हणून त्या सकाळी जे झालं ते तिला इतकं लागलं.

समोरच्या रांगेत एक शिवणवाली राहते. तिचे सासरे दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते. तोंडाला चव नाही, अंगात ताकद नाही. रोज एक अंडं मऊ शिजवून चमच्याने भरवायचं, असं डॉक्टरने सांगितलेलं. अंडं अर्थात आत्याचं. त्या दिवशी शिवणवाली आठ वाजता आली ती हातात वाटी घेऊन, वर बशी झाकलेली. मी नळावर बादली भरत होते. ती हळू बोलत होती, पण गल्लीत हळू बोललेलंच आधी ऐकू येतं.

"आत्या, जरा आत चला ना."

"आत कशाला? इथंच बोल. काय झालं?"

तिने बशी उचलली. वाटीत फोडलेलं अंडं होतं आणि पांढऱ्यात एक पांढरट, वीतभर नाही पण बोटभर नक्की, असं काहीतरी पडलेलं.

आत्याने मान तिरकी करून बघितलं. "दोरा आहे. तुझ्या मशीनवरचा."

"आत्या..."

"दिवसभर दोऱ्यात बसतेस. केसांत दोरे, पदराला दोरे. पडला असेल वाटीत."

"आत्या, दोरा वळवळत नाही हो."

आणि खरंच, ते वळवळलं.

आत्याने बशी परत झाकली. ती हाताने दाबून धरली. मग म्हणाली, "सासऱ्यांच्या पोटात गेलं नाही ना?"

"नाही. फोडल्या फोडल्या दिसलं."

"दुसरं देऊ?"

शिवणवाली जमिनीकडे बघत राहिली. "नको," म्हणाली. "आज दूधच देते." वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. वाईट बोलणाऱ्याला आत्या पुरून उरते.

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. मी पहिल्यांदा काय केलं, तर भडकले. दाण्याच्या दुकानदारावर. गेल्या महिन्यात त्याने कीड लागलेला मका दिला होता, त्याचंच हे, असं मी ठरवून टाकलं आणि आत्याकडे जाऊन म्हणाले, "उद्या दहा बायका घेऊन त्याच्या दुकानासमोर बसते. बघच."

आत्या परसात उकिडवी बसली होती. हातात काडी. सकाळपासून पडलेली शीट ती काडीने उलटी पालटी करून बघत होती. एका ठिकाणी काडी थांबली. तसलाच पांढरा धागा. आणखी एका ठिकाणी दोन.

"मोर्चा काढायचाय ना तुला?" ती वर न बघता म्हणाली. "सासूबाईंच्या पोटात काढ. तिथं गर्दी जास्त आहे."

मग तिने एकेकीला धरून छातीवर बोटं फिरवली. वरून पिसांनी गुबगुबीत दिसत होत्या, पण आत छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागत होतं. धाकट्या जावेचा तुरा फिका पडला होता, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. "अंडी कमी झाली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, पिसं झडायचे दिवस आहेत. महिनाभर डोळ्यांपुढं होतं आणि मी सोयीचं तेवढं बघितलं."

संध्याकाळी ती नऊच्या नऊ घरी गेली. मी म्हटलं होतं, गप्प बस, बोंब कशाला मारतेस, चार दिवसांत विसरतील. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी चप्पल घालून तिच्यामागे निघाले. प्रत्येक दारात एकच वाक्य: "माझ्या कोंबड्यांना जंत झालेत. औषध करतेय. मी सांगेपर्यंत अंडी मिळणार नाहीत. घरात असतील ती टाकून द्या." कुणी बरं म्हटलं. कुणी तोंड वाकडं केलं. एक बाई म्हणाली, "शी, म्हणजे इतके दिवस आम्ही तेच खात होतो?" आत्या म्हणाली, "असू शकेल. म्हणून तर सांगायला आले." शिवणवालीच्या दारात मात्र ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "दोरा नव्हता. माझं चुकलं." आणि उत्तराची वाट न बघता वळली.

घरी वहिनी वाटच बघत होती. "वन्सं, सांगायची काय गरज होती? आता तुमची अंडी कोण घेणार? त्यापेक्षा या अकरा जणी विकून मोकळ्या व्हा. जागा तरी कामाला येईल."

"आजारी विकू?"

"घेणाऱ्याला काय कळतंय."

"मला कळतंय ना," आत्या म्हणाली. "मला दोन महिने दे. दोन महिन्यांत त्या नीट झाल्या नाहीत, तर मीच पत्रे आणून देते तुझ्या खोलीसाठी."

वहिनी हो म्हणाली. दोन महिने, माझ्यासमोर. म्हणजे आता प्रश्न नुसत्या कोंबड्यांचा नव्हता. टोपली गेली की आत्या त्या घरात नुसतं एक जादा ताट होऊन बसणार होती. आणि जादा ताट होण्यापेक्षा ती उपाशी राहील.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ती सगळ्यांच्या आधी पोचली. मी बरोबर, कारण सरकारी जागा म्हटलं की मला आपोआप जावंसं वाटतं. आत्याने तीन जणींची ताजी शीट पावडरच्या रिकाम्या डब्यात आणली होती, वरून घट्ट झाकण आणि झाकणाला इस्त्रीच्या दुकानातली असते तशी कपड्याची चिठ्ठी: तारीख, वेळ, सासूबाई, धाकटी जाऊ, नणंद. डॉक्टरबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, पुढे गायी बैलांची रांग. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "हे नमुने माणसांचे नाहीत ना?"

"सासरची माणसं आहेत," आत्या म्हणाली, "पण दोन पायांची. पंख असलेली."

डॉक्टरबाई हसल्या आणि तिथून त्यांचं आत्याशी जमलं. त्यांनी काचेवर थेंब घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला आणि आत्यालाही बघू दिलं. जंतांची अंडी, लांबट, भरपूर. कोंबडी जमिनीवरून दाणा टिपते, त्याबरोबर ही पोटात जातात, आत जंत होतात, ते पुन्हा अंडी घालतात, ती शिटेतून जमिनीवर. चक्र. माणसाला हे जंत होत नाहीत, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं, कारण आत्याने दोनदा विचारलं.

"पण अंड्यात कसा गेला?"

"कोंबडीचं सगळं एकाच दाराने बाहेर येतं, आत्या. एखादा जंत त्या दाराशी येऊन वाट चुकतो आणि उलटा अंड्याच्या नळीत चढतो. वर कवच बसतं. क्वचित होतं."

"माझ्याच नशिबी क्वचित," आत्या म्हणाली.

औषध पाण्यातून द्यायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी पाण्याची भांडी काढून घ्यायची, सकाळी औषधाचं पाणी ठेवायचं आणि दिवसभर दुसरं पाणी द्यायचं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण पहिल्या वेळी बारके जंत सुटतात. आणि पहिल्या डोसापासून शेवटच्या डोसानंतर दोन आठवड्यांपर्यंत अंडी कुणाही माणसाने खायची नाहीत. हा त्या औषधाचा हिशेब. दुसऱ्याचा दुसरा असतो, असंही डॉक्टरबाईंनी बजावलं. आत्याने सगळं अक्षर न अक्षर पाळलं. खुराड्यातला भुसा खरवडून काढला, जाळला, नवा घातला. दांडे गरम पाण्याने धुतले. औषधाचं पाणी मोजून केलं, भांडं दिवसभर सावलीत ठेवलं.

दहा दिवसांनी ती पुन्हा डबा घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी मायक्रोस्कोपमधून बघितलं आणि भुवया वर केल्या. काही फरक नव्हता. जंतांची तेवढीच अंडी, कदाचित जास्त.

"आत्या, औषध दिलं होतं ना नक्की?"

मला वाटलं, आता संपलं. आत्याला कुणी असं विचारत नाही. पण ती शांतपणे म्हणाली, "दिलं होतं. प्यायल्या का, ते सांगता येत नाही. ते बघून सांगते."

आणि मग तिने जे केलं ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं, कारण आम्हाला सगळ्यांना घाई असते. तिने परसात बादली पालथी घातली, तिच्यावर बसली आणि दिवसभर बसून राहिली. औषधाचं पाणी पुन्हा ठेवलं नाही. डॉक्टरबाईंनी तसं करू नका म्हणून सांगितलं होतं. त्याऐवजी साध्याच पाण्यात थोडं कडवट काढ्याचं पाणी मिसळलं आणि तेच भांडं तिथेच ठेवलं. सासूबाई आली. चोच बुडवली. मान झटकली, पाणी उडवलं, भांड्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि चालू पडली. तिच्यामागे थोरली, तिच्यामागे धाकटी, मग बाकीचा लवाजमा. कुंपणाच्या तारेला खाली एक फट होती. एकामागून एक अकराही जणी त्यातून बाहेर पडल्या, ओळीने, माहेरी निघाल्यासारख्या. आणि गेल्या कुठे, तर सार्वजनिक नळावर.

आता इथे माझा भाग येतो, आणि तो मला सांगावाच लागेल.

तो नळ मी आणला होता. कचेरीच्या चौदा फेऱ्या, दोन वेळा दारात बसून. नळ आला आणि तीन महिन्यांत गळायला लागला. आतली वायसर गेली होती. साधी रबराची चकती, कुणीही बसवली असती. पण मी बसवू दिली नाही. मी म्हटलं, हे काम त्यांचं आहे. आपण आपल्या हाताने केलं तर उद्या पाइप फुटला तरी म्हणतील, तुम्हीच करा. मी फोटो काढले, अर्ज दिला, आणि नळावर पाटी लावली: हात लावू नये, हा पुरावा आहे. आणि पुरावा सहा आठवडे गळत होता. खाली डबकं झालं होतं, भोवती काळी, मऊ, कायम ओली माती. तिथे गल्लीच्या सगळ्या कोंबड्या नांदत होत्या. पाणी पीत होत्या, माती उकरत होत्या आणि जे करायचं ते तिथेच करत होत्या.

आत्या नळापाशी उभी राहिली आणि मला हाक मारली. नुसती हाक नाही, पूर्ण गल्लीला ऐकू जाईल अशी. "पुढारीणबाई! बाहेर या!"

मी आले. तिने डबक्याकडे बोट केलं. सासूबाई डबक्यातलं पाणी पीत होती, मान वर करून, समाधानाने.

"दहा दिवसांपूर्वी मी औषध ठेवलं घरात, आणि या इथं येऊन ढोसत होत्या. ही माती बघ. जंतांना यापेक्षा चांगली गादी मिळेल का?"

"आत्या, कचेरीतला माणूस येणार आहे..."

"कधी?"

"अर्ज दिलाय."

"अर्ज प्यायला देऊ कोंबड्यांना?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणाले. मला स्वतःलाही ते वाक्य त्या क्षणी पातळ वाटलं.

"तत्त्वाचा!" आत्या म्हणाली. "अगं, तुझ्या तत्त्वाला जंत झालेत. वरून पिसं गुबगुबीत आणि आत हाड हाताला लागतंय!"

दोन दारांत बायका हसल्या. मला राग आला, असा आला की कानशिलं तापली. मी तिला म्हणाले, तुला नळ हवा होता तेव्हा माझं तत्त्व चाललं. ती म्हणाली, तेव्हा ते तत्त्व होतं, आता हट्ट आहे. मी म्हणाले, तुझ्या कोंबड्यांसाठी मी सगळ्या गल्लीचा हक्क सोडू? ती म्हणाली, "हक्क सोडू नकोस. चकती बसव आणि अर्जात लिही, की सहा आठवडे वाट बघून आमच्या पैशाने बसवली. भांड मग. मी येते बरोबर भांडायला." आणि आत्या बरोबर येणार म्हटल्यावर मी पदर खोचला. तिला सोबत घेऊन कचेरीत जाणं म्हणजे जिंकूनच येणं.

पाटी मी काढली. वायसर मीच बसवली, पान्याने, हात चिखलात घालून, आणि आत्या कमरेवर हात ठेवून डोक्यावर उभी. डबकं बुजवून वर खडी टाकली. कुंपणाची फट तिने तारेने शिवली, अगदी टाके घालून.

औषध पुन्हा द्यायचं तर आता पाण्याच्या भरवशावर नाही, एकेकीच्या चोचीत, असं डॉक्टरबाईंनी दुसरं औषध लिहून दिलं. त्याला वजन लागतं. बाकी हिशेब पहिल्यासारखाच, तीन आठवड्यांनी दुसरा डोस आणि त्यानंतर दोन आठवडे थांबायचं. तेव्हा लाँड्रीचा तो काटा बाहेर आला. खुराड्याच्या दाराला हूक अडकवला. सूर्य मावळताना कोंबड्या दांड्यावर बसायला लागतात तेव्हा धरायला सोप्या, म्हणून ती वेळ. आत्या एकेकीला उशीच्या अभ्र्यात घालायची, डोकं बाहेर, आणि काट्याला लटकवायची. अभ्रे इस्त्री केलेले. मी विचारलं, "कोंबडीला कडक अभ्रा?" तर म्हणाली, "तुला नाही घातलं त्यात, नशीब समज."

धरायची शिक्षा मला होती. पंख दाबून काखेत घ्यायची, फार घट्ट नाही, फार सैल नाही. आत्या बिनसुईच्या सिरिंजने औषध चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडायची, घाई न करता, श्वासनळीत जाऊ नये म्हणून. विहिणीने मुकाट घेतलं. नणंदेने थोडं माझ्या साडीवर थुंकलं. सासूबाईला काखेत घेतलं आणि तिने माझ्या हाताला असा चिमटा काढला की मी ओरडले.

"उलटी धरू नकोस तिला! मान राखून धर. वयाने मोठी आहे."

"मला चावली ती!"

"सासू आहे. चावणारच. त्यात नवीन काय?"

खिडकीतून वहिनी बघत होती. हसू तिने पदराआड लपवलं, पण खांदे हलत होते. डोस झालेल्या कोंबडीच्या पायात आत्या निळा दोरा बांधायची, म्हणजे दोनदा जायला नको.

पुढचे पाच आठवडे अंडी येत राहिली, आणि एकही कुणाच्या तोंडी गेलं नाही. आत्या प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारायची, मग खड्डा खणून खोल पुरायची. वहिनीला बघवत नव्हतं. "वन्सं, आपण घरातलेच खाऊ ना. आपल्याला काय होतंय?" आत्या म्हणाली, "डॉक्टरबाईंनी माणसं म्हटलंय. तू माणूस नाहीस का?" एक जुनं गिऱ्हाईक आलं, म्हणालं मला चालतं, दे. आत्याने त्याला दारातूनच परत लावलं. या पाच आठवड्यांत तिने बाहेर बसून इस्त्रीची कामं घेतली, लाँड्री सुटल्यापासून कधी न घेतलेली, आणि वहिनीच्या हातात भाजी आणून देत राहिली. संध्याकाळी खुराड्यापाशी बसलेली असायची तेव्हा बोटं आपोआप कोणाच्या तरी छातीवर फिरत असायची, हाड किती लागतंय ते बघत.

दुसरा डोस झाला. दोन आठवडे गेले. डबा पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेला. त्यांनी काच सरकवत सरकवत सगळी बघितली, मग आत्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आत्या फार वेळ बघत राहिली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि जागची उठेना. "काही म्हणजे काही नाही. तू पण बघ."

दोन महिन्यांची मुदत संपायला सहा दिवस होते. धाकट्या जावेचा तुरा लालबुंद झाला होता. टोपली ओट्यावर आली. वहिनीने ती उचलून आतल्या फळीवर ठेवली, पडू नये म्हणून, आणि पत्र्याच्या खोलीचं नाव काढलं नाही. नऊपैकी पाच घरं लगेच परत आली. दोन हळूहळू आली. एक बाई आलीच नाही. आणि शिवणवाली आली नाही.

मी म्हटलं, जाऊन ये तिच्याकडे. आत्या म्हणाली, "माझा डाग मी सांगून आले. तो गेलाय हेही मीच जाऊन सांगू? ते तिने बघायचं." पण ती रोज एक अंडं बाजूला ठेवायची. संध्याकाळी ते घरात शिजायचं आणि आत्या म्हणायची, आज मलाच खावंसं वाटलं. असं तिला नऊ दिवस वाटलं.

दहाव्या दिवशी शिवणवाली आली. काखेत कोंबडी. बारकी, करड्या रंगाची, मान टाकलेली.

आत्या कपडे वाळत घालत होती. तिने कोंबडीकडे बघितलं, मग शिवणवालीकडे.

"ही कुणाची?"

"माझीच," शिवणवाली ओशाळून म्हणाली. "सासऱ्यांना अंडं लागतंच ना. तुमची बंद होती, म्हणून बाजारातून दोन आणल्या. रागावू नका, आत्या. आता ही खातपीत नाही. हाड लागतंय हाताला. तुम्ही बघता तसं बघितलं मी."

आत्याचा चेहरा मी बघत होते. एक घर कायमचं गेलं, हे तिला त्या क्षणी कळलं. ओला टॉवेल तिने पिळला, पुन्हा पिळला, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी. मग दोरीवर टाकला आणि हात पुढे केला.

"आण इकडं. अशी धरतात का? पाय लोंबतायत बिचारीचे."

तिने छाती चाचपली, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, शेपटीखालची पिसं बाजूला केली. "शीट आणलीस?"

"नाही... ती पण आणायची?"

"मग मी काय तोंड बघून सांगू? मी डॉक्टर नाही. उद्या सकाळची ताजी डब्यात घाल, मी घेऊन जाते डॉक्टरबाईंकडे. त्या सांगतील ते औषध. मनाने काही द्यायचं नाही. आणि औषध दिल्यावर तुझी अंडी बंद. आठवडे जातील."

शिवणवालीचा चेहरा उतरला. "आणि सासरे? आत्ता कुठे थोडं खायला लागलेत."

आत्या आत गेली. बाहेर आली ती टोपली घेऊन. त्यातली चार अंडी निवडली, अजून ऊब असलेली, आणि शिवणवालीच्या ओंजळीत ठेवली. शिवणवालीने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. कोंबडी आत्याच्या काखेत राहिली आणि अंडी तिच्याकडे. दोघींनाही आता निघता येईना.

"दुसरी कशी आहे?" आत्याने विचारलं.

"ती बरी आहे. चांगली खाते. तिला काही नाही झालेलं."

"माझ्या पण चांगल्या खात होत्या. जा, अंडी घरी ठेव आणि तिला पण घेऊन ये. एकीला औषध आणि दुसरी तशीच, असं केलंस तर महिन्याने पुन्हा माझ्याच दारात उभी राहशील."

"उद्या आणू?"

"उद्या कशाला? आत्ता. उजेड आहे तोवर वजन तरी करून ठेवू." आणि मग माझ्याकडे वळून, "तू काय बघत उभी आहेस? आतून दोन अभ्रे आण. इस्त्रीचे, वरच्या फळीवरचे."